मीटिंग जवळची असावी की लांबची? (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी)

शेवटची_लोकल

नमस्कार. गेली आठ वर्षे मी इथे वाचनमात्र आहे. हा माझा पहिलाच धागा असल्यामुळे काही चुकल्यास सांभाळून घ्यावे.

दारू सोडण्यासाठी मीटिंगला जावे असे ज्यांच्या मनात आहे, परंतु कोणत्या मीटिंगला जायचे, तिथे काय विचारतील, ओळखीचे कोणी भेटले तर काय करायचे, अशा प्रश्नांपाशी ज्यांचे पाऊल अडले आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या संघटनेची. आमच्यात तिला नुसते 'एए' म्हणतात.

माझे वय ४६. राहायला बदलापूर, नोकरी मुंबईत एका खाजगी कंपनीच्या हिशेबखात्यात. पिणे १४ वर्षांचे, आणि त्यातली शेवटची चार वर्षे अशी की सकाळी हात थरथरू नयेत म्हणून गाडी पकडण्याआधीच काहीतरी पोटात जावे लागे. मुलगा दहावीत गेला त्या वर्षी पत्नीने शांतपणे एवढेच सांगितले की परीक्षेच्या काळात ती मुलाला घेऊन माहेरी राहील. भांडली असती तर मला पिण्याला निमित्त मिळाले असते. त्याच रात्री एएच्या भारतातील संकेतस्थळावर शहरानुसार दिलेल्या मदतक्रमांकांपैकी एकावर मी फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी नाव विचारले नाही. "आज घेतली आहे का?" एवढेच विचारले आणि मी हो म्हटल्यावर म्हणाले, "हरकत नाही, उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी खरोखरच फोन आला. दोघेजण मला भेटायला येऊ शकतील, घरी नको असेल तर स्टेशनवरही चालेल, असे ते म्हणाले. कोणालाही भेटायला एकट्याने न जाता दोघांनी जायचे, अशी त्यांची जुनी पद्धत आहे. आम्ही फलाटावरच्या चहाच्या टपरीपाशी भेटलो. त्यांनी मला एकही उपदेश केला नाही. स्वतःच्या पिण्याच्या गोष्टी सांगितल्या आणि त्या ऐकताना आपल्याच घरातले कोणीतरी यांना सगळे सांगून बसले आहे की काय, असे मला वाटत राहिले. बदलापुरातच मीटिंग होते, असेही त्यांनी सांगितले. मी मात्र दादरची मीटिंग निवडली, कारण दादरला मला ओळखणारे कोणी नव्हते.

हीच माझी चूक झाली, आणि धागा काढण्याचे कारणही तेच आहे. दादरची मंडळी अतिशय चांगली होती. त्यांच्याबद्दल माझी तसूभरही तक्रार नाही. परंतु मीटिंग संपून बाहेर पडायला साडेआठ होत, नंतर सव्वा तासाचा प्रवास, आणि घराकडे वळण्यापूर्वी स्टेशनबाहेर तीन बार. ज्या दिवशी मन ठीक असे त्या दिवशी मी दादरला जाई. ज्या दिवशी मन ठिकाणावर नसे, म्हणजे मीटिंगची खरी गरज असे, त्या दिवशी गर्दीचे, पावसाचे किंवा मेगाब्लॉकचे कारण पुढे करून मी सरळ घरी येई. घरी म्हणजे वाटेतल्या तीन बारांवरून. तीन महिन्यांनी मी घसरलो आणि पुढचे पाच आठवडे प्यायलो.

त्यानंतर बदलापूरच्या मीटिंगला गेलो. ती पालिकेच्या एका शाळेत भरते. पहिल्या दिवशी पुढचे फाटक बंद दिसले, तेव्हा "चला, आज मीटिंग नाही" असे स्वतःला समजावून मी परत फिरलो होतो. तेवढ्यात मागच्या गल्लीतून कोणीतरी, "इकडून, साहेब," अशी हाक मारली. फाटक मागचे होते. वर्ग तिसरीचा, बाके लहान मुलांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे वर आलेले. फळ्यावर अर्धवट पुसलेला सतराचा पाढा होता. एका पिशवीतून एएच्या बारा पायऱ्या (सदस्याने दारूपासून दूर राहण्यासाठी चालायचा क्रम) आणि बारा परंपरा (ग्रुप कसे चालवायचे याची तत्त्वे) लिहिलेली कापडी फलके काढून खिळ्यांना अडकवली, की तो वर्ग मीटिंगचा हॉल होतो. दीड तासाने फलके गुंडाळली, की पुन्हा तिसरीचा वर्ग.

आत काय होते, हे पुष्कळांना हवे असते म्हणून सांगतो. हजेरीपट नसतो, अर्ज नसतो, फी नसते. सुरुवातीला एएची ओळख करून देणारा मजकूर वाचला जातो. मग एकेक जण उठतो, नाव सांगतो (पहिलेच, आडनाव नाही), "मी मद्यपी आहे," असे म्हणतो आणि पाच-सात मिनिटे स्वतःबद्दल बोलतो. त्याला 'शेअरिंग' म्हणतात. मध्ये कोणी बोलत नाही, नंतर कोणी सल्ला देत नाही. आपले मराठी माणसांचे सल्ल्यावाचून इतका वेळ कसे निभते, याचे मला अजूनही नवल वाटते. बोलायचे नसेल तर नुसते बसावे. माझी पाळी आली तेव्हा 'मद्यपी' हा शब्द तोंडातून निघेना. "मी पाहुणा आहे," असे मी म्हणालो. अध्यक्षस्थानी बसलेले काका म्हणाले, "पाहुण्यांनाही चहा मिळतो." शेवटी एक डबा फिरतो, त्यात सदस्य ऐपतीप्रमाणे दहा-वीस रुपये टाकतात. बाहेरून देणगी घ्यायची नाही, अशी त्यांची सातवी परंपरा आहे. नवख्याने काही टाकावे, अशी अपेक्षा नसते.

आणि हो, ओळखीचे भेटले. रोज सकाळी ज्यांच्याकडून दूध घेतो, ते तिसऱ्या बाकावर होते. मी त्यांना पाहिले, त्यांनी मला पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे एक लिटर दूध दिले आणि सुटे परत केले. ज्या माणसाला चुकवण्यासाठी मी तीन महिने दादरला जात होतो, तो माझ्याच कारणासाठी बदलापूरच्या मीटिंगला चार वर्षे येत होता.

आज सात महिने बारा दिवस झाले. तुमचे अनुभव जरूर लिहा, विशेषतः जवळच्या आणि लांबच्या मीटिंगबद्दल.

दवाखाना_बंद

प्रामाणिक लेखन. मी निवृत्त डॉक्टर आहे, म्हणून एक गोष्ट मध्येच घुसडतो. धागाकर्त्यांनी राग मानू नये.

सकाळी हात थरथरतात म्हणून ज्यांना घ्यावी लागते, त्यांचे शरीर दारूवर अवलंबून झालेले असते. अशा व्यक्तीने मीटिंगमधून उत्साहाने येऊन स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. शेवटच्या पेयानंतर काही तासांतच कंप, घाम, उलट्या आणि निद्रानाश सुरू होतो. फिट येण्याचा धोका साधारणपणे पहिल्या दोन दिवसांत असतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊ लागतात, वेळकाळाचे भान सुटते, ताप चढतो. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास मृत्यूही येऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटावे. त्या काही दिवसांसाठी योग्य मात्रेत औषधे आणि बी-वन जीवनसत्त्व दिले, की हा टप्पा बहुतेकांना सुरक्षितपणे ओलांडता येतो. मीटिंगला मात्र त्याच आठवड्यापासून जायला हरकत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

दुसरे, घरच्यांसाठी. दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिराम नावाची गोळी रुग्णाला न सांगता भाजीत किंवा चहात मिसळण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. कृपा करून असे करू नये. ती गोळी पोटात असताना दारू प्यायल्यास रक्तदाब घसरून जीवावर बेतू शकते, आणि गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

शेवटची_लोकल

डॉक्टर, राग कसला! पहिल्या वेळी मी नेमके हेच केले होते: सोमवारी ठरवले आणि बंद. दोन रात्री कशा गेल्या, ते पत्नीलाच ठाऊक. दुसऱ्या वेळी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन पाच दिवसांची औषधे घेतली. मूळ लेखात हे लिहायला हवे होते.

चौकस७१

आपले अभिनंदन. तरीही माझी शंका मांडतो. मी या बारा पायऱ्या वाचल्या आहेत. त्यांत देव जागोजागी येतो: आपली इच्छा त्याच्या स्वाधीन करा, दोष दूर करण्याची त्याला विनंती करा, वगैरे. मी पक्का नास्तिक आहे. माझा धाकटा भाऊ पितो आणि तो माझ्याहून कडवा नास्तिक आहे. 'सत्संग आहे' असे म्हणून तो पहिल्याच दिवशी उठून येईल. शिवाय एकमेकांना गोष्टी सांगून आजार बरा होतो, याला पुरावा काय?

कोरडा_पाऊस

चौकस, तुमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी १९ वर्षे एएमध्ये आहे आणि देवळात आजही फक्त लग्नकार्यापुरता जातो.

पुरावा आधी. २०२० साली कॉक्रेन या, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने या विषयावरचा आढावा प्रसिद्ध केला. २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी त्यात होते. एए आणि रुग्णाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार हे पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीचे, आणि काही मोजमापांत त्यांहून सरस ठरले. माझ्या मते ती चमत्काराची ग्वाही नाही. परंतु 'नुसत्या गोष्टी' म्हणून झटकून टाकण्यासारखेही ते नाही.

आता देव. पायऱ्यांमध्ये 'आम्हाला जसा उमगला तसा' अशी सोडवणूक मुळातच ठेवलेली आहे. आमच्या ग्रुपमध्ये वारकरी आहेत, ख्रिस्ती आहेत, एक निवृत्त कामगार पुढारी आहेत ज्यांची 'उच्च शक्ती' (पायऱ्यांमध्ये आपल्याहून मोठ्या शक्तीवर भिस्त ठेवायला सांगितले आहे, ती) म्हणजे समोर बसलेली पंधरा माणसे. एकट्याच्या जोरावर जमले नाही आणि पंधरांच्या जोरावर जमले, एवढे तर नास्तिकालाही मान्य करता येते. तरीही भावाला नाहीच रुचले तर जबरदस्ती करू नका. स्मार्ट रिकव्हरी नावाची देवाचा उल्लेख नसलेली पद्धत १९९४ पासून आहे आणि तिच्या सभा ऑनलाइनही होतात. सदस्यत्वासाठी एएची अट एकच आहे: दारू सोडण्याची इच्छा. श्रद्धेची अट नाही.

धागाकर्त्यांच्या जवळ-लांब या मुद्द्यावर एक जुनी हकिकत सांगतो. मे १९३५ मध्ये बिल विल्सन, म्हणजे पुढे एएचा एक संस्थापक झालेला न्यूयॉर्कचा शेअर दलाल, धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला होता. काम फिसकटले. हॉटेलच्या दालनात एका टोकाला बार आणि दुसऱ्या टोकाला फोन. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. चर्चच्या यादीतले क्रमांक फिरवत 'मला बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा आहे' असे तो सांगत सुटला आणि अखेर त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या तिथल्या शल्यविशारदाशी, म्हणजे एएच्या दुसऱ्या संस्थापकाशी, पडली. न्यूयॉर्कला परत जाऊन आपल्या माणसांना भेटू, असे तो म्हणाला असता तर मधल्या बारने त्याला गाठले असते. त्याला त्याच गावात, त्याच दिवशी माणूस हवा होता. आणि ज्यांना घसरल्याची लाज वाटते त्यांच्यासाठी: भेटीनंतर काही आठवड्यांतच डॉक्टर बॉब वैद्यकीय अधिवेशनाला गेले आणि यथेच्छ प्यायले. १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचे पेय घेतले, आणि एएचा स्थापनादिन तोच मानतात. भारतात हे काम १९५७ साली सुरू झाले.

रानजाई

मी बराच वेळ लिहावे की नाही, या विचारात होते. मी मद्यपी आहे, मी स्त्री आहे आणि मी शिक्षिका आहे. सर्वसाधारण मीटिंगमध्ये पहिल्या दिवशी २२ पुरुष होते आणि मी एकटी. कोणी वावगे वागले नाही, परंतु मला जे बोलायचे होते ते त्यांच्यासमोर बोलणे शक्य नव्हते. केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुरुषांपैकी २७.३ टक्के आणि स्त्रियांपैकी १.६ टक्के मद्यपान करतात, असे आढळले. हा आकडा लहान असल्यामुळे आम्ही कोणाच्या नजरेत येत नाही, आणि नजरेत न येणे हीच आमची सोय आणि हाच आमचा घात. नवरा पितो म्हणून सहानुभूती मिळते. बायको पिते म्हटले की चारित्र्य निघते.

म्हणून 'जवळची मीटिंगच बरी' हा सल्ला मला सरसकट मान्य नाही. माझ्या गावात माझे ३०० विद्यार्थी आणि त्यांचे पालक राहतात. मी मदतक्रमांकावर 'स्त्री सदस्याशी बोलायचे आहे' असे सांगितले, आणि दोन दिवसांनी एका बाईंचा फोन आला. त्यांच्यामुळे स्त्रियांच्या ऑनलाइन मीटिंगचा पत्ता लागला. स्वयंपाकघराचे दार लावून, कॅमेरा बंद ठेवून मी तिथे बसते. कुकरची शिट्टी झाली की सगळ्या हसतात. माझी जवळची मीटिंग ती.

शेवटची_लोकल

रानजाई, आपले म्हणणे मी विचारातच घेतले नव्हते. ओळखीचे भेटले तरी काही बिघडत नाही, असे मी मोठ्या तोऱ्यात लिहिले. पुरुष असल्यामुळे माझे बिघडले नाही, एवढेच त्यातले खरे. जवळची म्हणजे मैलांनी जवळची नव्हे, तर वाईट दिवशीही जिथे पोहोचता येईल ती, अशी दुरुस्ती करतो.

सातारकर_काकू

माझे यजमान पीत. ते आता नाहीत. त्यांना मीटिंगला नेण्यासाठी मी जितका आटापिटा केला, त्याच्या निम्मा जरी स्वतःसाठी केला असता, तर माझी दहा वर्षे वाचली असती. कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' नावाची वेगळी मीटिंग असते, हे मला फार उशिरा कळले. १९५१ साली बिल विल्सनच्याच पत्नीने, लोइस यांनी, ती सुरू केली. आपल्या घरच्या माणसाने पिणे सोडलेले नसले तरी आपण जाऊ शकतो. त्याला सांगण्याचीही गरज नसते. बाटल्या मोजणे, खिसे तपासणे, कार्यालयात 'ताप आहे' म्हणून खोटा फोन करणे, हे सगळे मी प्रेमापोटी करत होते आणि त्यामुळे त्यांचे पिणे सुरळीत चालत होते, हे मला तिथल्या बायकांकडून कळले. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेलच.

एका व्यसनमुक्ती केंद्राचा मात्र कटू अनुभव आहे. यजमानांना तिथे खोलीत कोंडून ठेवले होते आणि पंधरा दिवस फोनवर बोलू दिले नाही. केंद्र निवडताना मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात का आणि घरच्यांना भेटू देतात का, हे आधी विचारावे. एएच्या मीटिंगला आत घेऊन दार लावत नाहीत, हे मला त्यानंतर फार मोलाचे वाटले.

गावकुसाबाहेर

सगळे मुंबई-पुण्याचे बोलत आहेत. आमच्या तालुक्यात तीन परमिट रूम आहेत, देशीचे दुकान आहे, मीटिंग एकही नाही. जिल्ह्याच्या गावी आहे, पण शेवटची एसटी साडेसहाला सुटते आणि मीटिंग सातला सुरू होते. माझ्यासारख्याने काय करावे?

कोरडा_पाऊस

गावकुसाबाहेर, तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याला एका दमात उत्तर नाही. तातडीची सोय म्हणून केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सेवेचा, असे दोन निःशुल्क क्रमांक आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. औषधांसाठी तिथे दिवसा जाता येईल. मराठीतल्या ऑनलाइन मीटिंग रात्रीही असतात आणि साध्या मोबाइलच्या डेटावर चालतात.

परंतु एक आडवळणाची गोष्ट सुचवतो. दारू सोडू पाहणारे दोघे एकत्र बसले, की मीटिंग होते. तिला ना परवाना लागतो ना इमारत. आमच्या जिल्ह्यातला एक ग्रुप दोन माणसांनी एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात, शटर अर्धे ओढून सुरू केला. सहा महिने ते दोघेच होते. एक बोलायचा, दुसरा ऐकायचा, मग उलट. महिन्यातून एका रविवारी दुपारी तुम्ही जिल्ह्याच्या ग्रुपला भेटा आणि 'आमच्या बाजूचे कोणी आहे का' असे विचारा. तुमच्यासारखाच साडेसहाच्या एसटीने परतणारा आणखी एखादा तिथे निघण्याची बरीच शक्यता आहे.

गावकुसाबाहेर

येत्या रविवारी जातो. सायकलचे दुकान नाही, पण पंप हाउसची खोली आहे.

चौकस७१

भावाला धागा वाचायला पाठवला. त्याचे उत्तर आले: 'तो पंधरा माणसांचा देव चालेल.' येईल असे म्हणत नाही, पण नाहीही म्हणत नाही. तो अंबरनाथला राहतो. धागाकर्ते, तुमची ती शाळेची मीटिंग त्याला जवळ पडेल. त्याने कोणाला विचारावे? एकट्याने आत जाण्याची त्याची हिंमत होणार नाही, असे तो स्वतःच म्हणतो. मी सोबत आलो तर चालेल का?

शेवटची_लोकल

तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. मीटिंग दोन प्रकारच्या असतात: 'क्लोज्ड' फक्त मद्यपींसाठी आणि 'ओपन' कोणासाठीही. आमची महिन्यातल्या शेवटच्या शनिवारची ओपन असते, त्या दिवशी तुम्ही दोघेही बसू शकता. मधल्या वारी आलात तर तुम्हाला बाहेर थांबावे लागेल. समोर रसवंती आहे. त्या दिवशी त्याने घेतलेली असली तरी यावे, आत शांत बसले म्हणजे झाले. सव्वासात वाजता मी मागच्या फाटकाशी उभा असतो. पुढचे संध्याकाळी बंद असते, ते पाहून परत फिरू नये, एवढे त्याला सांगा.